वेल पाचव्या मजल्यावर, फुलांचा पत्ता नाही

*ताई, नमस्कार. आम्ही ठाण्यात चौथ्या मजल्यावर राहतो, गॅलरी पश्चिमेला आहे. निळ्या मॉर्निंग ग्लोरीची हौस म्हणून वटपौर्णिमेच्या सुमाराला दोन कुंड्या लावल्या. पहिलीत ऑनलाइन मागवलेल्या बिया, पाकिटावर ‘हेवन्ली ब्लू’ असं छापलेलं. दुसरीत माझ्या माहेरच्या, चिपळूणजवळच्या गावातल्या कुंपणावरच्या. पहिली वेल ग्रिलवरून चढत पाचव्या मजल्यावरच्यांच्या खिडकीत शिरली, पण गणपती होऊन गेले तरी एक फूल नाही. दर रविवारी चमचाभर १९:१९:१९ घालते, मधूनमधून मोहरीच्या पेंडीचं पाणी. दुसरीला मोजकी फुलं येतात, पण मी डबे भरून बाहेर येते तोवर ती जांभळी-गुलाबी पडून मिटायला लागलेली असतात. यजमान म्हणतात, रोग आहे. सासूबाई म्हणतात, ही बेशरम, दारात नको. जाऊबाई म्हणतात, ही गोकर्णच, हिचा निळा चहा करतात. त्यांची चार वर्षांची मुलगी दिवसभर आमच्याकडे असते, म्हणून वेल विषारी आहे का तेही सांगा. मुलगा बारावीला आहे, रात्री एक-दीडपर्यंत गॅलरीतच टेबल टाकून अभ्यास करतो, त्यामुळे पहिली कुंडी त्याच्या टेबलाला लागून आणि दुसरी वॉशिंग मशिनच्या मागच्या कोपऱ्यात, अशी रचना आहे. फोटो जोडले आहेत. — एक वाचक, ठाणे*

नमस्कार. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जागेची अडचण सांगताना लिहून गेलात. मुलगा दीडपर्यंत दिवा लावून बसतो आणि पहिली कुंडी त्याच्या टेबलाला लागून आहे. वेल का फुलत नाही याचं बरंचसं उत्तर तिथे आहे. पण आधी घरातला वाद मिटवू, कारण निळ्या चहाची गोष्ट थांबण्यासारखी नाही.

दोन्हीपैकी कुठलीही वेल गोकर्ण नाही. रंग निळा आणि वेल चढणारी, एवढ्यावरून जाऊबाईंचा गोंधळ झाला असणार, आणि तो पुष्कळांचा होतो. गोकर्ण ही शेंगावर्गातली, म्हणजे वाटाणा-पावट्याच्या गोतातली. तिचं पान एकसंध नसतं, एका काडीवर पाच-सात छोट्या पर्णिका असतात. फुलाला एक मोठी रुंद पाकळी, आणि फूल गळाल्यावर चपटी शेंग. तुमच्या फोटोतली फुलं कर्ण्यासारखी आहेत, पाकळ्या एकमेकींना पूर्ण जुळलेल्या, आणि पान एकच, सलग. शेंग धरणार नाही, गोल बोंड धरेल. एवढं पाहिलं की गोकर्णीचा प्रश्न संपतो.

सासूबाईंचं म्हणणं मात्र अगदीच निराधार नाही. बेशरम हीही मॉर्निंग ग्लोरीच्याच वंशातली, इपोमिया. पण ती वेल नव्हे, नाल्याच्या कडेला आणि तळ्याच्या दलदलीत वाढणारं झुडूप आहे. फूल फिकट गुलाबी-जांभळं. वंश एक असला तरी स्वभाव एक नसतो. उपासाला आपण खातो ते रताळं इपोमियाच, गणपतीच्या दिवसांत लाल चांदण्यांसारखी फुलणारी गणेशवेल इपोमियाच, कोकणातल्या पुळणीवर पसरणारी मर्यादवेलही इपोमियाच. आणि पावसाळ्यात पाणथळ जागी येणारी नाळीची भाजीसुद्धा. ही यादी मी मुद्दाम दिली. कारण कोणीतरी तुम्हाला सांगणार आहे की रताळ्याची आणि नाळीची पानं खातात, मग हीही चालेल. नाही चालणार.

आता ओळख. दुसऱ्या कुंडीतली, माहेरची वेल म्हणजे इपोमिया नील. मराठीत नीलवेल किंवा निळपुष्पी म्हणतात आणि तिच्या बियांना काळा दाणा. फोटोत पान तीन खंडांचं दिसतंय, मधला खंड मोठा, खोडावर आणि देठावर बारीक लव. पण फक्त पानावर भिस्त ठेवू नका. याच वेलीवर कधी कधी साधी बदामी आकाराची पानंही येतात, विशेषतः सुरुवातीला. खात्री करायची तर फूल उलटं करा आणि मागची पाच हिरवी निदलं पाहा. नीलवेलीची निदलं लांब, टोकाला निमुळती होत गेलेली आणि सरळ असतात, बुडाशी राठ केस. याच रूपाची एक अमेरिकी बहीण आहे, इपोमिया हेडेरेसिया. तिचं फूल लहान आणि निदलांची टोकं बाहेरच्या बाजूला वळलेली. बाकी पान, लव, निळाई सगळं सारखं. तुमची वेल कोकणातल्या कुंपणावरची आहे आणि फोटोतली टोकं सरळ आहेत, त्यामुळे मी निःशंक नील म्हणते.

पहिल्या कुंडीला फूलच नाही, तेव्हा पान आणि खोडावरच भागवायचं. तुम्ही जवळून काढलेल्या फोटोत पान बदामी, गुळगुळीत, खोडावर लव नाही. हे हेवन्ली ब्लूशी जुळतं. ती इपोमिया ट्रायकलर, मूळची मेक्सिकोकडची. पाकिटावर एक नाव आणि आत दुसरंच बी हा प्रकार ऑनलाइन बियांच्या धंद्यात नवा नाही, आणि हेवन्ली ब्लूच्या नावाखाली इपोमिया पुरपुरियाही येऊ शकते. तिचंही पान बदामी, पण खोडावर लव असते आणि फूल बहुधा जांभळं किंवा गुलाबी. तेव्हा एकदा उजेडात खोडावरून बोट फिरवून पाहा. गुळगुळीत लागलं तर पाकीट खरं बोलतंय.

आणखी एका निळीचं नाव घेते, कारण तुमच्या सोसायटीत कोणीतरी तिची फांदी आणून देईल. इपोमिया इंडिका. ही बारमाही, फुलं घोसाने, गडद निळी, दिसायला फार सुंदर. बी ती फारशी धरत नाही, जमिनीला टेकलेल्या पेरांना मुळं फुटून पसरते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तिने झाडं-झुडपं झाकून टाकली आहेत आणि तिथे ती उपद्रवी तण म्हणून गणली जाते. तुमच्या दोन्ही वेली बियांपासून आल्या, म्हणून त्या इंडिका नसाव्यात. कोणी छाटणी देऊ केलीच तर कुंडीतच ठेवा, बंगल्याच्या आवारात किंवा गावच्या परसात सोडू नका. सासूबाईंचा ‘बेशरम’ हा शब्द या बाईला जास्त शोभला असता.

आता फुलाकडे येऊ. तुम्ही पहिल्या वेलीला रविवारी १९:१९:१९ आणि मधून पेंडीचं पाणी देता. दोन्हींत नत्र भरपूर. नत्राने पान आणि शेंडा वाढतो, वेल खूश दिसते आणि फुलांची तिला घाई राहत नाही. पाचव्या मजल्यापर्यंत ती गेली ती याच्याच जोरावर. खत आजपासून पूर्ण बंद. कळ्या दिसल्यावर मूठभर शेणखत मातीत मिसळलं तरी पुरे, आणि नाही मिसळलं तरी अडत नाही. ही वेल हलक्या, निचऱ्याच्या, बेताच्या मातीत उत्तम फुलते. माहेरच्या कुंपणावर तिला कोण खत घालत होतं?

पण नुसतं खत बंद करून भागणार नाही. या वेलींचं फुलणं काळोखावर चालतं. रात्र किती लांब आहे हे पान मोजतं. रात्र पुरेशी लांब, आणि मुख्य म्हणजे सलग मिळाली, की पानातून शेंड्याकडे निरोप जातो आणि शेंडा पानांऐवजी कळ्या काढू लागतो. नीलवेलीवर याचे इतके प्रयोग झाले आहेत की वनस्पतिशास्त्रात ती या विषयाची हुकमी वेल समजली जाते. तिचा व्हायोलेट नावाचा एक जपानी वाण तर इतका हळवा आहे, की नुकतंच उगवलेलं, जेमतेम पहिली दोन पानं उघडलेलं रोप सोळा तासांच्या एकाच रात्रीत ठेवलं तरी त्याचं फुलायचं ठरून जातं. आणि त्या सोळा तासांच्या मधोमध काही मिनिटं लाल उजेड पाडला, तर तो सगळा काळोख वाया जातो. रोप फुलत नाही. रात्र लहान झाली असं पानाला वाटतं.

तुमच्या गॅलरीत हेच चाललंय, फक्त काही मिनिटांऐवजी रोज सहा-सात तास. आपल्याकडे जूनमधला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि डिसेंबरमधला सगळ्यात लहान अकरा तासांच्या. सप्टेंबर अखेरीला दिवस-रात्र बरोबरीला येतात, म्हणून कोकणातल्या कुंपणांवर याच सुमाराला नीलवेल बहरात येते. हेवन्ली ब्लू तर मुळातच उशिरा फुलणारी, दिवस आखडायला लागल्यावर मनापासून फुलते. तुमच्या पहिल्या कुंडीच्या हिशेबात मात्र सूर्य रात्री दीड वाजता मावळतो आणि पहाटे सहाला उगवतो. तिच्यासाठी अजून जून संपलेलाच नाही! दुसरी कुंडी वॉशिंग मशिनच्या मागे आडोशाला आहे, तिथे टेबलावरचा उजेड पोचत नाही, म्हणून तीच त्यातल्या त्यात फुलतेय. वाण वेगळा हेही एक कारण आहे, पण जागेचा वाटा मोठा.

बारावीच्या मुलाला उठवा असं मी सांगणार नाही. वेलीसाठी अभ्यास बुडाला तर मलाच शिव्या बसतील. पण दिवा बदलता येईल. गॅलरीतली वरची ट्यूब बंद ठेवा आणि त्याला टोपी असलेला, मान वाकवता येणारा टेबललॅम्प द्या, उजेड वहीवर पडेल, ग्रिलवर नाही. त्याच्या डोळ्यांनाही बरं. टेबल आणि ग्रिलच्या मध्ये एक जाड गडद पडदा अडकवला तर उत्तम. जुनी सतरंजी चालेल. हिरवी शेडनेट चालणार नाही, तिच्यातून उजेड झिरपतो. हे अंधार पडता पडता करायचं आणि सकाळी काढायचं, एखाद्या रात्री विसरलं तर जग बुडत नाही, पण एक रात्र हो आणि एक रात्र नाही असं केलंत तर उपयोग नाही.

समोर रस्त्याचा दिवा आहे का, ते तुम्ही लिहिलं नाही. हल्लीचे पांढरे एलईडी दिवे चौथ्या मजल्यापर्यंत चांगलेच पोचतात. रात्री अकराला गॅलरीतले सगळे दिवे बंद करून, डोळे सरावल्यावर वर्तमानपत्राचे मथळे वाचता येतात का पाहा. मथळे सोडून बारीक मजकूरही वाचता आला तर उजेड जास्त आहे आणि बाहेरच्या बाजूनेही कापड लावावं लागेल. वेल सगळीच झाकता येत नाही म्हणून हताश होऊ नका. मोजणारी पानं असतात, त्यातल्या बऱ्याचशा पानांना काळोख मिळाला की काम सुरू होतं. आज सुरुवात केलीत तर साधारण दोन-तीन आठवड्यांनी पानांच्या बगलेत पीळ घातलेल्या टोकदार कळ्या दिसायला हव्यात. दिवाळीच्या मागेपुढे फुलं, असं धरून चाला.

पाचव्या मजल्यावरच्यांच्या खिडकीतला भाग आताच छाटून घ्या, कळ्या यायच्या आधी. शेजाऱ्यांशी संबंध टिकतील आणि खालून फांद्या फुटतील. कळ्या शेंड्याकडच्या भागात धरतात, त्यामुळे महिनाभराने कात्री चालवलीत तर फुलंच कापाल.

यजमानांना सांगा, रोग नाही. सकाळी निळं असलेलं फूल दुपारकडे जांभळं-गुलाबी पडणं हा या वेलींचा रिवाज आहे. गंमत अशी की हेवन्ली ब्लूची कळीसुद्धा आधी जांभळट-लालसर असते आणि उमलताना निळी होते. रंगद्रव्य तेच राहतं, पाकळीच्या पेशीतल्या रसाची आम्लता बदलते. जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये हे मोजून दाखवलं, कळीत पीएच ६.६ आणि पूर्ण उमलल्यावर ७.७. म्हणजे वेल रोज पहाटे प्रत्येक फुलात रसायनाचा एक छोटा खटाटोप करते आणि काही तासांत तो आवरता घेते. फूल मिटू लागलं की पुन्हा लालसर छटा येते. एका फुलाचं आयुष्य एका सकाळीचंच. उद्या दुसरं.

आणि तुम्ही डबे भरून येईपर्यंत ती का मिटतात, त्याचाही संबंध काळोखाशीच आहे. नीलवेलीचं फूल सूर्य उगवला म्हणून उमलत नाही. आदल्या संध्याकाळी अंधार पडल्यापासून साधारण दहा तासांनी उमलतं. सहा-साडेसहाला अंधार, म्हणजे पहाटे साडेचारला फूल तयार. डिसेंबरात आणखी लवकर. त्यामुळे पहाटे पाणी भरायला उठणाऱ्यांनाच ती ऐन भरात दिसते, आणि साडेआठ-नऊला ऊन तापलं की पाकळीची कड आत वळायला लागते. तुमची गॅलरी पश्चिमेची, सकाळचं ऊन थेट येत नाही, त्यामुळे खरं तर तुमची फुलं पूर्वेच्या गॅलरीपेक्षा जास्त टिकायला हवीत. थंडीत आणि ढगाळ दिवशी दुपारपर्यंतही टिकतील. दुसऱ्या कुंडीला ऑक्टोबरच्या उकाड्यात सकाळी पोटभर पाणी द्या, तहानलेल्या वेलीची फुलं लवकर मान टाकतात. पश्चिमेचं दुपारचं ऊन तिला फुलायला पुरतं, पण लहान कुंडी त्या उन्हात तासाभरात कोरडी पडते. बारा इंची कुंडी द्या, मात्र मुळं न हलवता, मातीच्या गड्डीसकट. या वेलींना मुळं छेडलेली आवडत नाहीत.

फोटोत यजमानांनी दुसरी वेल ग्रिलला गुंडाळून बांधल्यासारखी दिसते आणि ती सुटून लोंबतेय. उलटी गुंडाळली आहे. इपोमिया वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने वळसे घेते, तुमच्या-माझ्या मर्जीने दिशा बदलत नाही. तिला ना तणावे ना चिकटणारी मुळं, नुसत्या खोडाच्या पिळावर ती चढते. म्हणून ग्रिलची रुंद पट्टी किंवा पाइप तिला पकडता येत नाही, सुतळी लगेच पकडते. चार सुतळ्या ताणून द्या, टोक एकदा योग्य दिशेने टेकवा आणि हात काढून घ्या.

पुढच्या वेळी दुसरी कुंडी जपानी पद्धतीने करून पाहा, गॅलरीसाठी त्याहून सोयीची रचना मला माहीत नाही. नीलवेल जपानमध्ये हजार-बाराशे वर्षांपूर्वी चीनमधून औषध म्हणून गेली, तीही बियांसाठी. पुढे एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, तिच्या फुलांचं असं वेड लागलं की चिरलेल्या पाकळ्यांची, दुमडलेल्या पानांची, ओळखू न येणारी शेकडो रूपं लोकांनी जपली. आजही टोकियोतल्या इरिया भागात जुलैच्या ६ ते ८ तारखेला असागाओची, म्हणजे याच वेलीची, जत्रा भरते आणि तिथल्या शाळांत पहिलीतली मुलं आपापल्या कुंडीत ती वाढवतात. कुंडीच्या कडेला तीन-चार काठ्या खोचायच्या, त्यांना तारेची तीन कडी आडवी बांधायची आणि वेल त्या पिंजऱ्याभोवती फिरवत न्यायची. सहा-सात पानं झाली की शेंडा खुडायचा. कमरेएवढ्या उंचीत वेल मावते आणि पाचवा मजला सुरक्षित राहतो.

आता जावेची मुलगी. इथे मी स्पष्टच लिहिते. दोन्ही वेलींच्या बिया पोटात जाता कामा नयेत. काळा दाणा हा जबरदस्त रेचक आहे. जुन्या वैद्यकात आणि इंग्रजी अमदानीतल्या औषधांत तो जलाप नावाच्या परदेशी रेचक वेलीच्या मुळाऐवजी वापरला जायचा, तोही मोजून-मापून. लहान मुलाने मूठभर चघळल्या तर पोटात मुरडा, जुलाब, उलट्या आणि अंगातलं पाणी कमी होणं, हे सगळं होऊ शकतं. हेवन्ली ब्लूच्या बियांत वेगळीच, मेंदूवर परिणाम करणारी, अर्गट नावाच्या बुरशीत असतात तशी द्रव्यं असतात. मळमळ, उलटी, घाबरं होणं, भास होणं. शिवाय विकतच्या पाकिटातल्या बियांना बुरशीनाशक चोळलेलं असू शकतं. मांजर-कुत्रं असेल तर त्यांनाही हेच लागू. पान किंवा फूल हाताळल्याने काही होत नाही, मुलीने फूल कानात खोवलं तर खुशाल खोवू द्या. बोंडं मात्र तिच्या हाताच्या उंचीवर सुकू देऊ नका. चुकून बिया खाल्ल्याच तर घरगुती उपाय करत बसू नका, उलटी करवायला बोटं घालू नका, उरलेल्या बिया आणि वेलीचं पान बरोबर घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा.

आणि निळा चहा बंद, विषय संपला. जाऊबाईंना चहाच हवा असेल तर गोकर्ण वेगळ्या कुंडीत लावा, आणि ती या दोघींपासून दूर, दुसऱ्या खिडकीत. निळी फुलं वाळवून डब्यात गेली की कुठली कुणाची ते चुरा पाहून सांगता येत नाही, आणि घरात खुडणारे हात चार असतात. खायची आणि न खायची निळी वेल एकाच ग्रिलवर चढवू नये.

पानांना गोल भोकं दिसताहेत, त्याबद्दल तुम्ही विचारलं नाही तरी सांगते. पानाच्या मागे पारदर्शक कवचाचा, सोनेरी चकाकीचा कासवभुंगा सापडेल, किंवा पाठीवर स्वतःचीच घाण घेऊन फिरणारी त्याची काटेरी अळी. हाताने वेचा, साबणाच्या पाण्यात टाका. शेपटाला शिंगासारखा काटा असलेली बोटाएवढी जाड अळी सापडली तर ती एका मोठ्या पतंगाची आहे. एकटीच दोन रात्रींत अर्धी वेल खाते, पण चावत नाही. औषध फवारण्याइतकं काही झालेलं नाही.

ऑक्टोबरअखेरीपासून दुसऱ्या वेलीची बोंडं कागदासारखी तपकिरी होतील. फुटण्याआधी रोज एक फेरी मारून काढून घ्या. नाहीतर पुढच्या जूनमध्ये तुळशीच्या कुंडीत, कोरफडीत, खालच्या मजल्यावरच्यांच्या मोगऱ्यात, सगळीकडे मधोमध खाच पडलेली ती जोडपानं उगवतील आणि मग सासूबाईंना बोलायला जागा मिळेल. नीलवेलीला परागीकरणाला भुंग्याचीही गरज पडत नाही, प्रत्येक फूल आपलं आपण बी धरतं, तेव्हा बिया पुष्कळ मिळतील. एका बोंडात चार ते सहा.

त्यातल्या दहा-बारा ठेवा, बाकी टाकून द्या. हेवन्ली ब्लू पुढच्या वर्षी जूनमध्ये लावूच नका. मुसळधार पावसात तिची मुळं कुजतात आणि वाढलेली वेल सांभाळत तीन महिने फुलाविना काढावे लागतात, जसे या वर्षी काढलेत. गणपतीच्या सुमाराला लावा. बी कडक असतं, रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. सकाळी जी फुगली नसेल तिला सँडपेपरवर एकदा घासून पुन्हा भिजवा. बोटाच्या एका पेरापेक्षा कमी खोल, थेट मोठ्या कुंडीतच. आठवडाभरात उगवते, लहान रात्रीचा काळ टळलेला असतो, वेल कमरेएवढी झाली की फुलायला लागते.

ठेवलेल्या बिया कागदी पाकिटात घाला, वर वाणाचं नाव, वर्ष आणि मोठ्या अक्षरांत ‘खायच्या नाहीत’ असं लिहा, आणि पाकीट स्वयंपाकघरात अजिबात नको. कपाटाच्या वरच्या खणात, कागदपत्रांच्या फायलीमागे ठेवा. पहिल्या वेलीला फूल आलं की त्याचा मागच्या बाजूचा, निदलं दिसतील असा फोटो पाठवा. घसा आतून पिवळा, फूल तळहाताएवढं आणि निदलं आखूड, बिनकेसांची असली तर पाकिटावरचं नाव पक्कं धरू.